डुगडुगणारा किचनचा नळ, पातळ सिंक आणि खालून लावलेला प्लाय : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगतो, हा नवीन नळाचा रिव्ह्यू नाहीये. नळ तोच, सिंक तेच, दोघांच्या मधे जे घातलं त्याचा हा अनुभव आहे. आधी दोन महिने सिंकखालून नळाला आधार देणारी तिकोनी प्लास्टिकची सपोर्ट प्लेट वापरली आणि मग प्लायवूडचा तुकडा लावला, त्याला आता सहा महिने झाले.

आमचा नळ म्हणजे एकाच भोकात बसणारा, वर एक हँडल आणि उंच मान असलेला, गरम-गार पाणी मिसळून देणारा मिक्सर नळ. सिंक स्टीलचं, पण पत्रा एवढा पातळ की मागच्या पट्टीवर अंगठा दाबला की डब्याच्या झाकणासारखा टॉक करून आत जातो. पहिल्या दिवसापासून नळ थोडा हलायचाच, पण वर्षभरात अशी वेळ आली की हँडल उचललं की अख्खा नळ मान टाकायचा. सवय अशी लागली की एका हाताने नळ धरायचा आणि दुसऱ्याने चालू करायचा, पाहुण्यांना पण तसंच सांगायचो, हसू नका.

मी पहिली चूक केली ती सगळेच करतात. खाली घुसलो, नट सापडला, आवळला. दोन आठवडे बरा, मग परत ढिला. परत आवळला, अजून जोर लावून. असं तीन-चारदा झाल्यावर लक्षात आलं की नळाच्या बुडाखालचा पत्रा वाटीसारखा आत गेलाय आणि तिथे पाणी साचायला लागलंय. म्हणजे नट ढिला होतच नव्हता, पत्रा वाकत होता आणि मी तो अजून वाकवत होतो.

म्हणून कुठलीही वस्तू आणायच्या आधी ही एक टेस्ट करा, मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. एका हाताचं बोट नळाच्या बुडाशी असं ठेवा की अर्धं नळावर आणि अर्धं पत्र्यावर येईल आणि दुसऱ्या हाताने नळ हलवा. बूड पत्र्यावर सरकतंय, पत्रा मात्र स्थिर आहे, तर नट ढिला आहे, पाना घ्या आणि विषय संपवा. बूड आणि पत्रा दोन्ही एकत्र वरखाली होतायत तर नट कितीही आवळा काही होणार नाही, पत्र्याला आधार पाहिजे. आणि बूड जागच्या जागी आहे पण वरची मान तेवढी डुगडुगतेय तर मानेच्या आतल्या रबरी रिंगा गेल्यात, तो वेगळाच उद्योग आहे, त्यासाठी सिंकखाली जायची गरजच नाही.

आता एवढा छोटा नळ एवढा का त्रास देतो? तर त्याची उंची. माझ्या नळाची मान बुडापासून साधारण ३० सेंटीमीटर वर आहे आणि बुडाचा व्यास ५ सेंटीमीटर, म्हणजे मधल्या बिंदूपासून कड अडीच सेंटीमीटरवर. वर जेवढा धक्का बसतो त्याच्या बारापट जोर बुडाच्या कडेवर येतो. वर दोन किलोचा हलका धक्का, खाली चोवीस किलो, आणि तो सोसायचा कोणी तर पोस्टकार्डासारख्या पत्र्याने. शिवाय पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनात वाढतो, ०.६ मिलिमीटरचा पत्रा आणि १.२ चा पत्रा यात दुपटीचा नाही, आठपट फरक आहे. सिंक घेताना आपण वाटी किती खोल आहे ते बघतो, मागची पट्टी कोण दाबून बघतं.

मधे एक प्रयोग सिलिकॉनचा पण झाला. बुडाभोवती भरपूर सिलिकॉन भरलं, एक दिवस नळ वापरला नाही, दुसऱ्या दिवशी वाटलं जमलं बुवा. सिलिकॉन सुकल्यावरही रबरासारखंच राहतं, पाणी अडवायला ठीक आहे पण ताकद द्यायला नाही. दोन आठवड्यांत एका बाजूने सुटलं आणि वरून त्या फटीत काळी घाण बसली ती निराळीच, खरवडून काढायला अर्धी दुपार गेली.

मग ती तिकोनी प्लेट. ही खालून नळाच्या स्टडमधे (बुडातून खाली येणारी आट्यांची सळई) अडकवायची, वर पत्रा, खाली प्लेट, मग घोड्याच्या नालेच्या आकाराचा वॉशर आणि नट. कल्पना चांगली आहे, जोर एका छोट्या वॉशरऐवजी मोठ्या जागेवर पसरतो. जिथे पत्रा मध्यम जाड आहे तिथे बहुतेक एवढ्यावर भागेल. माझ्याकडे साठ-सत्तर टक्के फरक पडला आणि तिथेच थांबला. कारण प्लेटची टोकं पत्र्याच्या मधेच कुठेतरी टेकत होती, मागच्या दुमडलेल्या कडेपर्यंत पोचतच नव्हती. वाकणाऱ्या पत्र्याला वाकणाऱ्या पत्र्याचाच आधार, दुसरं काय होणार.

खरा उपाय तिथे कळला, आधार हा सिंकच्या ताठ भागांना टेकला पाहिजे. सिंकमधे ताठ भाग दोनच, एक म्हणजे भांड्याची उभी मागची भिंत आणि दुसरी म्हणजे मागची खाली दुमडलेली कड. या दोघांच्या मधली जागा मोजली, त्या मापाचा १८ मिलिमीटर जाडीचा वॉटरप्रूफ प्लायचा तुकडा कापला, लांबी नळाच्या दोन्ही बाजूंना एक वीत जाईल एवढी ठेवली. भोक होल सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, ३८ मिलिमीटरचं. सिंकचं भोक ३५ चं आहे, प्लायला थोडं मोठं ठेवलं म्हणजे दोन्ही पाइप आणि स्टड आरामात जातात, पण फार मोठं केलं तर नालेचा वॉशर टेकायला लाकूडच उरत नाही, ते बघा. आणि कापायच्या आधी स्टडची लांबी मोजा, प्लाय घातल्यावर नटाला पकडायला आटे उरले पाहिजेत.

कापलेल्या कडांना आणि भोकाच्या आतल्या बाजूला वार्निशचे तीन हात दिले. हे टाळू नका, प्लाय पाणी पितो तो कडेनेच. साधं भुशाचं बोर्ड तर वापरूच नका, एकदा भिजलं की फुगून त्याचा लगदा होतो.

बसवायला दोन माणसं लागतातच. मी खाली पाठीवर, बहीण वर नळ सरळ धरून, कारण नट फिरला की नळ पण त्याच्याबरोबर वळतो. "दादा, अजून किती वेळ?" हे मी किमान दहादा ऐकलं. माझा स्टड ८ मिलिमीटरचा, त्याच्या नटाला १३ नंबरचा लांब बॉक्स पाना लागतो, साधा पाना तिथे फिरतच नाही, भिंत आडवी येते. पाइप सोडलेच आहेत तर एक सांगतो, नळाच्या बुडात जाणाऱ्या टोकाला स्वतःची रबरी रिंग असते, तिथे टेफलॉन टेप गुंडाळायची गरज नाही आणि पाना लावून जोर तर अजिबात नको, हाताने घट्ट पुरे.

आता सहा महिन्यांचा हिशोब. पहिल्याच दिवशी फरक असा होता की हँडल उचलताना दुसरा हात आपोआप पुढे जायचा आणि तिथे काही धरायला नसायचं. पत्र्याचा टॉक आवाज पण गेला. तिसऱ्या आठवड्यात किंचित चाल परत जाणवली तेव्हा पोटात गोळा आला, पण ते बुडाखालचं रबर दबून बसलं होतं, पाव फेरा आवळल्यावर गेलं. त्यानंतर त्या नटाला लागून दुसरा नट घालून लॉक केलाय, तेव्हापासून पाना लावलेला नाही. दर महिन्याला टॉर्च घेऊन प्लाय बघतो, अजून कोरडा आहे. जुना लोखंडी वॉशर मात्र गंजून गेला होता, बूड हलायचं तेव्हा पाणी तिथूनच झिरपत असणार, तो स्टीलचा टाकला.

तक्रारी आहेत. सिंकखाली जागा कमी झाली, ओढून काढायच्या शॉवरचा पाइप असलेला नळ असेल तर तो प्लायच्या कडेला घासणार, तेव्हा भोकाची कड गोल घासून घ्या. पुढेमागे नळ बदलायचा झाला तर हे सगळं परत काढावं लागणार. आणि ज्यांचं सिंक दगडाच्या खालून चिकटवलेलं आहे आणि नळ दगडातच बसवलाय त्यांनी यातलं काहीच करू नये, त्यांचा नट खरोखरच ढिला असणार.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. मी सुरुवातीला आवळून आवळून जो खड्डा पाडला होता तो प्लायमुळे बराचसा वर आला, पण पूर्ण नाही. नळाच्या डाव्या बाजूला अजून चमचाभर पाणी साचतं आणि रोज रात्री ते फडक्याने पुसायचं काम माझ्याकडे आहे, बहिणीने तसं ठरवूनच टाकलंय.