रांगातही कोर्ट, ऑकलंड : गाडी चोरीला गेलेल्या बाईचा अनुभव

मागच्या वर्षी रात्री ड्राइव्हवेतून आमची गाडी गेली, आत पिल्लूची कारसीट होती, आणि मला गाडीपेक्षा त्या सीटचंच जास्त रडू आलं. चोरणारा शाळकरी वयाचा निघाला. नाव, गाव काही लिहिणार नाही, इथे कायद्यानेच ते बाहेर सांगता येत नाही आणि ते बरोबरच आहे.

न्यूझीलंडमध्ये १९८९च्या कायद्यापासून फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स असते. मुलगा, त्याचं घर, पोलीस, त्याचा वकील आणि ज्याचं नुकसान झालं तो, सगळे एका खोलीत बसून पुढचा प्लॅन ठरवतात. मला फोन अगदी आयत्या वेळी आला, आणि सोबत आधाराला कुणाला आणता येतं हे सांगितलंच नाही, मी एकटी गेले आणि हात थरथरत होते. हे मला अजून खुपतं. पण बोलू दिलं, मध्ये कुणी तोडलं नाही.

नंतर प्लॅन पाळतोय का ते बघायचं काम रांगातही कोर्टाकडे गेलं. हे यूथ कोर्टच, कायदा तोच, फक्त माराएवर, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या एकत्र जमायच्या जागी, भरतं. २००८ मध्ये गिझबर्नच्या ते पोहो-ओ-रावीरी माराएवर जज हेमी तौमाउनु यांनी सुरू केलं. आम्हालाही बोलावलं होतं. आधी पोफिरी म्हणजे रीतसर स्वागत, चपला बाहेर, मग सगळ्यांशी होंगी, नाकाला नाक. जजच्या बाजूला काउमातुआ, म्हणजे माओरी वडीलधारे. मुलाने उभं राहून पेपेहा म्हटला, माझा डोंगर हा, नदी ही, माणसं ही. आपल्याकडे म्हातारी माणसं विचारतात ना, कुणाचा रे तू, अगदी तेच, आणि इथे त्याला ते उत्तर आधी शिकावं लागतं, कारण बऱ्याच पोरांना ते ठाऊकच नसतं. एक आजी त्याला जे बोलल्या ते ऐकून माझ्याच पोटात कालवलं. लाड नव्हते हो, चांगलंच खडसावलं, पण घरच्यासारखं.

मला वाटलेलं की सगळं त्या पोराभोवतीच फिरेल आणि मी कोपऱ्यात. तसं झालं नाही, स्वागत माझंही झालं. पण माझ्या झोपेचं काय, ते नंतर कुणी विचारलं नाही, तो आधार मला व्हिक्टिम सपोर्ट या गुन्ह्याची झळ बसलेल्यांना मदत करणाऱ्या संस्थेच्या फोनवर मिळाला, तो चोवीस तास असतो.

तुम्हाला बोलावलं तर जा. सोबत कुणाला तरी न्या, तो तुमचा हक्क आहे, आणि शेवटी जेवायला थांबा. मी थांबले, तो पोरगा ताटं उचलत होता, माझंही त्यानेच उचललं.