लेखक बोलवायचे, पण मैदानात की वर्गात?

शाळेत बालसाहित्यिक बोलवायचं मनात असेल, तर कुणाला बोलवायचं यापेक्षा आधी बसवायचं कुठे ते ठरवा. धुळे-जळगावच्या पट्ट्यात मी दोन्ही करून पाहिलंय: मैदानात चारशे मुलांपुढे भाषण, आणि एका वर्गात चाळीस मुलांशी गप्पा.

मैदानाची बाजू कमी नाही. कुणी वगळलं जात नाही, पालक येतात, व्यवस्थापन समितीही खूश होते. पण एकदा घड्याळ लावून बसा. आमच्या कार्यक्रमात स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांची मनोगतं यातच पाऊण तास गेला. लेखिका बोलायला उठल्या तोवर पहिली-दुसरीची पोरं मातीत रेघोट्या ओढत होती. प्रश्न आले तीन, तिन्ही आदल्या दिवशी पाठ करून घेतलेले. ‘आपल्याला लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली?’ आमच्याकडचा सातवीतला मुलगा ‘आपल्याला’ आणि ‘कोठून’ एका दमात म्हणाला, की प्रश्न बाईंचा आहे हे कळतंच.

त्याच लेखिका दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात पाचवीच्या वर्गात सतरंजीवर बसल्या. तिथल्या गुरुजींनी पंधरा दिवस आधी त्यांच्या एका पुस्तकाच्या दहा प्रती आणून ठेवल्या होत्या, चार मुलांत एक. पहिली दहा मिनिटं कुणी तोंड उघडलं नाही. मग मागून एका मुलीने विचारलं, “बकरी दवडनी, मंग पुढे काय व्हयनं?” गोष्टीत ते सांगितलेलंच नव्हतं. “तुला काय वाटतं?” लेखिकांनी उलट विचारलं आणि वर्ग बोलतच सुटला. कुणी म्हणे बिबट्याने नेली, कुणी म्हणे बाजारात विकली. निम्मं बोलणं अहिराणीत. एका मुलाने तर चूक काढली: पुस्तकातली आजी श्रावणात कापूस वेचते, आणि श्रावणात तर निंदणी असते! लेखिकांनी वही काढून ते लिहून घेतलं. त्या मुलाचा चेहरा पाहायला हवा होता.

वर्गाचा तोटाही सांगतो. बाकीचे वर्ग रुसतात. दिवसात दोन बैठका नीट होतात, तिसरीला पाहुण्यांचा आवाज बसलेला असतो. म्हणून पाचवी ते सातवी निवडा. लहानग्यांना लेखकापेक्षा गोष्ट सांगणारं माणूस हवं असतं, ते शाळेतच सापडेल. खर्चात मानधन आणि प्रवास दोन्हीकडे सारखाच. मंडप-माइकचे वाचलेले पैसे मात्र पुस्तकांवर घाला. मुलांनी पुस्तक वाचलेलं नसेल, तर वर्गातल्या गप्पाही मैदानासारख्याच फिक्या होतात.

पुण्या-मुंबईचे लेखक की जवळचे? जळगाव, भुसावळला थेट रेल्वे आहे. नंदुरबारही सुरत-भुसावळ मार्गावर आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडे मात्र पुढे घाटरस्ता, म्हणजे आणखी एक दिवस धरा. तिथे पोरांच्या घरात पावरी किंवा भिली बोलली जाते, मराठी ही शाळेची भाषा. नाव छोटं असलं तरी मुलांची बोली समजणारं माणूस मी तिथे आधी निवडेन. बाहेरचेच येणार असतील, तर शेजारी बोली जाणणाऱ्या शिक्षकांना बसवा.

व्हिडिओ कॉल स्वस्त, पण पहिल्या भेटीसाठी नको. एकदा भेटलेल्या माणसाशी मुलं पडद्यावर बोलतात, अनोळखी चेहऱ्याकडे नुसती बघत राहतात.

खरं तर लेखक शाळेत असण्याची उत्तम सोय आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होती. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि छात्रालयातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत होते. तेवढं आपल्याला जमणार नाही, पण भेटीनंतर भिंतीवर एक हस्तलिखित लावणं जमेल. बकरीचे पाच-सहा शेवट त्या शाळेत अजून लटकताहेत.

तारखेचं म्हणाल, तर वाचन प्रेरणा दिनाचा, म्हणजे १५ ऑक्टोबरचा, मोह आवरा. सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी आणि कापूस वेचणी एकाच सुमाराला येतात, खेड्यात पट अर्धा दिसतो. मार्चपासून उन्हामुळे सकाळची शाळा. मला जुलैअखेर बरी वाटते, नाहीतर जानेवारी.

मैदान घ्याच, असं मी दोनच वेळी म्हणेन: शाळेचा पटच पन्नासच्या आत असेल तेव्हा, किंवा गावाने वर्गणी काढलेली असेल तेव्हा. त्यातही सत्कार शेवटी ठेवा.

आणि लेखकांना फोन कराल तेव्हा विचारून घ्या, खाली बसायला चालेल का. गुडघे दुखत असतील तर खुर्ची देऊ. पण भाषण किती मिनिटांचं हवं असं त्यांनीच आधी विचारलं, तर त्यांना मैदानच द्या.