आरक्षण वर्गात, जादूटोणा कायदा पेपरात

नववी-दहावीला राज्यशास्त्र शिकवताय आणि सहामाहीच्या पेपरात एखादा 'आजचा' विषय घालायचाय? माझ्यापुढे दोन होते: आरक्षण आणि २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा.

वर्गातल्या चर्चेला आरक्षणाइतका कसदार विषय नाही. फक्त सुरुवात आजच्या मोर्चांपासून करू नका, पाच मिनिटांत एकमेकांची आडनावं निघतात. मी २६ जुलै १९०२ला जातो. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. तेव्हा दरबारात नोकरीला होतं कोण, हे मुलांनाच शोधायला लावायचं. मग १९९२चा सर्वोच्च न्यायालयातला इंद्रा साहनी खटला. तिथेही ५० टक्केच, पण कमाल मर्यादा म्हणून. एकच आकडा, एकदा दार उघडणारा, एकदा कुंपण घालणारा. का, यावर पोरं खरोखर भांडतात. दोन तास हाताशी नसतील तर मात्र विषयाला हातच लावू नका.

पेपरात 'आरक्षण असावे का?' नकोच. बोर्डाला निदान बैठक क्रमांक असतो. शाळेच्या उत्तरपत्रिकेवर आडनावासकट नाव असतं. सरांचं मत काय असेल याचा अंदाज बांधून मुलं लिहितात आणि आपण त्या अंदाजाला गुण देतो.

जादूटोणा कायद्याचं नेमकं उलट. चर्चेला तो सपक. 'अंधश्रद्धा वाईट' म्हणून सगळे मोकळे होतात, आणि ज्याच्या घरी देवऋषी येतो त्याच्याकडे बघून मागच्या बाकावर खुसखुस. पेपरात मात्र तो छान बसतो, कारण कोणती कृत्यं गुन्हा आहेत याची अनुसूचीच कायद्याला जोडलेली आहे. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं त्यात येतं. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना कायदा हात लावत नाही. उतारा द्या आणि विचारा: वारी यात बसते का? मांत्रिक बसतो का? घरचं काही न सांगता कुठलंही मूल लिहू शकतं.

हुंड्यावर साच्यातली उत्तरं येतात, सोडून द्या. शेतकरी आत्महत्या विदर्भ-मराठवाड्यात तरी पेपरात घालू नका, त्या घरातलं मूल समोर बसलेलं असू शकतं. हमीभाव, पीकविमा विचारा.

वारीच्या प्रश्नाला मी पाच गुण ठेवले: 'नाही'ला एक, 'कारण'ला चार.