जुन्या होडीला नवी हॅच बसवताना मी कसा फसलो

माझी शिडाची होडी २६ फुटी, फायबरची, जुनी. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या केबिनवर फायबरचंच झाकण होतं, त्यातून उजेड येत नसे. भर दुपारी आत दिवा लावावा लागे, आईला तर तिथे कोंडल्यासारखं व्हायचं. म्हणून पारदर्शक, थोडी मोठी हॅच, म्हणजे वरचं उघडतं झाकण, बसवायचं ठरवलं.

मुंबईत बोटींची कामं करणाऱ्या एकाने ८५ हजार सांगितले. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, १० मिलिमीटर जाडीचं अ‍ॅक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक), ३१६ ग्रेडचे स्टेनलेस बोल्ट, आणि डेकची, म्हणजे होडीच्या वरच्या पाटाची, कापलेली कड इपॉक्सीने (कडक होणाऱ्या राळेने) बंद. ६० हजार आगाऊ, रोख. पावती मागितली तर म्हणाला, "काम झाल्यावर एकदमच देतो." तिथेच उठायला हवं होतं.

बोल्टची खात्री म्हणून त्याने चुंबक लावून दाखवला. चिकटला नाही. "बघा साहेब, ३१६." मी मान डोलावली. अहो, स्वस्तातल्या ३०४ लाही चुंबक सहसा चिकटत नाही! ३१६ खाऱ्या हवेत जास्त टिकतं ते त्यातल्या २-३ टक्के मॉलिब्डेनममुळे, आणि ते चुंबकाने कळत नाही. त्यासाठी रसायनाची चाचणी लागते.

डेक कापायच्या दिवशी मी कामावर होतो. संध्याकाळी गेलो तर हॅच बसलेली, केबिनमध्ये लख्ख उजेड. त्या आनंदात उरलेले पैसेही देऊन टाकले. कापलेला तुकडा कुठे विचारलं, तर तो कचऱ्यात गेला होता.

ही गोष्ट ऑक्टोबरची. जानेवारीत गादीचा कोपरा ओला लागला. फोन केला. "जुनी होडी आहे, आतून घाम सुटतो," म्हणाला, आणि मी तेही मानलं.

मे महिन्यात होडी शाकारायला वर काढली तेव्हा बोल्टांखाली तांबूस ओघळ दिसले. हातोडीच्या दांड्याने डेक ठोकत गेलो. इतर ठिकाणी टणक आवाज, हॅचभोवती ढब ढब. फ्रेम उचकटली. खाली बाथरूमला लावतात ते साधं सिलिकॉन. फायबरच्या दोन थरांमधल्या बाल्सा लाकडाची कड उघडीच. बोट दाबलं की पाणी यायचं. व्हर्नियरने अ‍ॅक्रिलिक मोजलं तर ६ मिलिमीटर. शीड उतरवताना माणसाचा पाय हमखास त्या झाकणावर पडतो. पैशांपेक्षा मला याचाच संताप जास्त आला.

तो आता फोन उचलत नाही, आणि दाखवायला माझ्याकडे कागद नाही.

नव्या मिस्त्रीने सुकं, फिकट लाकूड लागेपर्यंत बाल्सा खरवडला, पोकळीत घट्ट इपॉक्सी भरलं, ते कडक झाल्यावर त्यातूनच बोल्टची भोकं पाडली. मी दोन दिवस रजा काढून शेजारी उभा होतो. तुम्हीही उभे राहा. फ्रेम बसण्याआधी कडेचा फोटो काढा, अ‍ॅक्रिलिकची जाडी स्वतः मोजा, आणि कापलेला तुकडा मागून घ्या. माझा या वेळचा तुकडा घरी कपाटात आहे, बिलासोबत.