दाराचा चुंबकी अलार्म, एक अख्खा पावसाळा वापरून (पाचपैकी साडेतीन)

आमचं घर गुहागरात, समुद्राच्या अंगाला. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं आणि पुळण. इथे दिवसाउजेडी दारं लावून कुणी बसत नाही. पण माझा मुलगा साडेपाच वर्षांचा, ऑटिस्टिक आणि पाण्याचा वेडा. शिंपण्याची मोटर घुरघुरली की पाटाला पाणी येणार हे त्याला कळतं. मग पाटाच्या कडेने, पाणी येतं त्या दिशेला चालत थेट डोणीपाशी, म्हणजे शिंपण्याचं पाणी साठवायच्या हौदापाशी. मागून हाका मारून उपयोग नाही, स्वतःच्या नावाला तो वळत नाही. विहिरीवर जाळी केव्हाच बसवली, पण डोण उघडी, आणि गुडघाभर पाणीही जीव घ्यायला पुरतं. मागच्या दाराला वरची कडी लावली, तर पठ्ठ्याने तांदळाचा डबा ओढत नेऊन ती काढली.

अशी मुलं घरातून निसटतात, हे नुसतं आमच्याच हलगर्जीपणाने होत नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत चार वर्षांवरच्या ऑटिस्टिक मुलांच्या पालकांपैकी जवळपास निम्म्यांनी हेच सांगितलंय. वाचून आधी हलकं वाटलं. पुढे बुडण्याबद्दल वाचलं आणि त्याच रात्री हा अलार्म मागवला. दोन नगांचे साडेतीनशे.

वस्तू साधी आहे. एका तुकड्यात चुंबक, दुसऱ्यात भोंगा. दोघांत बोटभर अंतर पडलं की वाजतो. पण बनवणाऱ्याने शहरातली फ्लॅटची दारं डोळ्यांसमोर ठेवलीत. आमचं दार दुफळी, सागवानी, आजेसासऱ्यांच्या वेळचं. दोन्ही फळ्या एका पातळीत येतच नाहीत. शेवटी ह्यांनी जुन्या स्लिपरचा रबर कापून चुंबकाखाली घातला, तेव्हा जमलं. सोबतची चिकटपट्टी पहिल्या मोठ्या पावसात सुटली आणि दोन्ही तुकडे केरात सापडले. चिकटपट्टीच्या नादी लागू नका, सरळ स्क्रू मारा. श्रावणात दार फुगून नीट मिटेना, तेव्हा तर दिवसभर कोकलायचा. शेजारच्या काकू मागच्या दाराने आल्या नि उडाल्याच. "अगो, हे कसलं भूत बसवल्येस दाराला?"

आवाज कुकरच्या शिट्टीच्या वरताण. माझं पोर शिट्टीलाच कान झाकतं. पहिल्यांदा वाजला तेव्हा ते पलंगाखाली जाऊन बसलं आणि दोन दिवस मागच्या पडवीत पाऊल टाकेना. "बरंच की, आता जायचा नाही," असं घरातलं एक माणूस म्हणालं. मला नाही ते पटलं. भोंग्याच्या भोकांवर इन्सुलेशन टेपचे तीन पदर चिकटवले. आता मला ऐकू येतो, त्याला सोसतो. टिंगटाँगवाला प्रकारही मिळतो म्हणे. तुम्ही तोच बघा.

दीड गुण कापलाय तो मात्र सेलच्या झाकणासाठी. आत तीन बटण सेल, आणि झाकण नखाने सरकतं! स्क्रू नाही, काही नाही. जे पोर खडू, माती, चपलेचा पट्टा सगळं तोंडात घालतं, त्याच्या घरात हे चालत नाही. बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं, आणि इथून चिपळूण ४५ किलोमीटरच्या आसपास. पोराच्या राखणीला आणलेल्या वस्तूत ही खोट असावी? मी झाकणावर टेप गुंडाळून अलार्म चौकटीच्या वरच्या टोकाला बसवलाय. डबा ठेवूनही त्याचा हात पोचत नाही. जुने सेल मोजून टेपमध्ये गुंडाळते, मगच टाकते.

मग साडेतीन तरी का? मे महिन्यातली एक पहाट. शेजारच्या वाडीतली मोटर सुरू झाली नि पाठोपाठ आमचा भोंगा. मी अंथरुणातून धावले तेव्हा तो मागच्या पायरीवर होता, एक पाय खाली, पंजा पाटाच्या ओल्या मातीत. तिथून डोण चाळीस पावलं. मी मोजलीत.

चाळीस पावलांइतका वेळ देतो, त्याहून जास्त नाही. घरात उठून धावणारं माणूस लागतंच. मी बाजारात गेले की सासूबाई असतात, त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून तेवढ्यापुरती आगळ घालतो.

तिसरा मागवलाय, न्हाणीघराच्या दाराला. स्क्रू आधीच आणून ठेवलेत.