बालसमुपदेशन केंद्राचा अनुभव: मुलगा एक, फॉर्म दोन

माझा आठ वर्षांचा मुलगा वर्गात एका जागी बसत नाही, ही बाईंची तक्रार. मला ती पटतच नव्हती. घरी तो तासन्‌तास ठोकळे रचत बसतो!

केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी एसडीक्यू ही मुलांच्या वागण्यातल्या जमेच्या बाजू आणि अडचणी टिपणारी प्रश्नावली दिली, एक आम्हाला, एक बाईंना. २५ विधानं, प्रत्येकापुढे 'खरं नाही', 'थोडंफार खरं', 'अगदी खरं'. चुळबुळीच्या विधानापुढे माझी खूण पहिल्या रकान्यात, बाईंची शेवटच्या. चिडण्याच्या विधानापुढे बरोब्बर उलट. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा मी गप्पच झाले.

कोण चूक, हे ताईंनी ठरवलंच नाही, आणि यासाठी त्यांना पैकीच्या पैकी गुण. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस ॲकेनबाक आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात पालक आणि शिक्षक यांच्या मतांतला सहसंबंध (मतं पूर्ण जुळली तर १, काहीच मेळ नसेल तर ०) सरासरी ०.३ च्याही खाली निघाला, हे ताईंनी सांगितलं. मग विचारलं, "चिडतो तो नेमका कधी?" शाळेतून आल्या आल्या, बूट काढताना. नाडीची गाठ सुटली नाही की रडारड. म्हणजे दिवसभर वर्गात तो स्वतःला कसाबसा आवरून धरत असणार. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

अहवालाला मात्र तीन आठवडे लावले, आणि बाईंशी कुणी साधा फोनही केला नाही. हे फार खटकलं. पुढच्या भेटीला बाईंनाही बोलवा, असं मी लेखी दिलं आहे.