शेंगपेंड म्हणून घेतली, युरिया खाऊ घातला

निपाणीजवळच्या आमच्या गावात तंबाखूची जुनी वखार आहे. तिच्यात मी गेल्या साली 23 कोकरं पाळली होती. दख्खनी जातीची, तीन महिन्यांच्या आसपासची, नुकतीच दूध तुटलेली. ह्या वयात नुसता मक्याचा भरडा आणि उसाचं वाडं घातलं की पोट सुटतं, पण अंग धरत नाही. म्हणून दर कोकरामागं दिवसाला 150 ग्रॅम शेंगपेंड, म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून उरलेली पेंड. सरकी पेंड स्वस्त पडते, पण सालीसकटच्या सरकीत प्रथिनं 22-24 टक्के, शिवाय तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य लहान कोकरांना बाधतं. शेंगपेंडीत 40-45 टक्के. तिच्यावर कोकरं दिवसाला शंभरेक ग्रॅमनं वाढत होती, ताणकाट्यावर दर रविवारी मीच वजन करायचो.

त्यात एक छोटा हत्ती टेम्पो दारात आला. पोरगा तिशीतला, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलणारा. दुकानात पेंड 46 रुपये किलो, ह्याची 38. "आण्णा, तोंडी कशाला सांगू, रिपोर्टच हाय की," म्हणून त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढला. प्रयोगशाळेचा शिक्का, खाली लिहिलेलं, कच्ची प्रथिनं 42 टक्के. मी 50 किलोची 6 पोती उतरवून घेतली. 11,400 रुपये रोख. 2,400 वाचले म्हणून खूश.

आईनं मूठभर पेंड हातात घेऊन हुंगली आणि म्हणाली, "हिला शेंगाचा वासच न्हाई गा." मी म्हटलं, मशीनची असेल. आईनं जन्मभर घाण्यावरची पेंड म्हशींना घातलीय, तिला कागद दाखवायचा शहाणपणा मी केला.

पहिल्या दोन दिवसांत कोकरांनी तोंड फिरवलं. मग भरड्यात गूळ कालवला, तशी खायला लागली. पुढच्या तीन रविवारी ताणकाटा जागचा हलेना. केस राठ, पाठीचा कणा हाताला लागायला लागला. मी जंत समजून औषध पाजलं. पेंडीवर संशय गेलाच नाही, कारण रिपोर्ट होता!

चौथ्या आठवड्यात दुसरं पोतं तळाला आलं. संध्याकाळी खुराक घातला आणि अर्ध्या तासात सात कोकरं थरथरायला लागली. दात खाणं, तोंडाला फेस, पोट डावीकडं तट्ट फुगलेलं, पाय तिरपे पडत होते. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, निघतो, तोवर व्हिनेगर आणि थंडगार पाणी पाजा. खेड्यात व्हिनेगर कुठलं? चायनीजच्या गाड्यावरून दोन बाटल्या आणल्या. डॉक्टर येईपर्यंत तीन कोकरं गेली होती, चार वाचली. मेलेल्याचं पोट त्यांनी फाडलं तेव्हा नाकाला झोंबणारा अमोनियाचा भपकारा आला. "युरिया," ते म्हणाले. "पेंड कुठली?"

आता जे मला 38 रुपये किलोनं कळलं ते सांगतो. पेंडीतली प्रथिनं प्रयोगशाळा थेट मोजत नाही. नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 नं गुणते. युरियात नायट्रोजन 46 टक्के. म्हणजे 100 किलो मालात एक किलो युरिया टाकला की कागदावर प्रथिनं जवळजवळ 3 टक्क्यांनी चढतात. निम्मी पेंड, निम्मी दळलेली शेंगाची टरफलं आणि वर 6 किलो युरिया, एवढ्यावर 42 च्या आसपासचा आकडा येतो. 2008 साली चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नायट्रोजनवालं रसायन मिसळलं होतं, तीच युक्ती. म्हणजे माझ्याकडचा रिपोर्ट खोटा नव्हता, आणि हेच मला जास्त झोंबलं. अनुदानाचा युरिया 45 किलोच्या गोणीला 266 रुपये 50 पैसे, म्हणजे किलोला सहा रुपयेही पडत नाही. शेतासाठीचा युरिया असा वळवणं गुन्हा आहे, पण धंदा किती फायद्याचा ते बघा. तो एकसारखा मिसळतही नाही. खडे तळाशी जाऊन बसतात, म्हणून मरण दुसऱ्या पोत्याच्या बुडाला आलं. मोठ्या मेंढीला मळी-मक्यासोबत हळूहळू सवय केली तर थोडा युरिया चालतो. सवय नसलेल्या, रवंथाचं पोट अजून तयार होणाऱ्या कोकराला तो सोसत नाही.

घरी ओळखायची रीत डॉक्टरांनीच दाखवली. वाटीभर पेंड कोमट पाण्यात भिजवायची, वरचं पाणी बरणीत गाळून घ्यायचं, त्यात चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ टाकायचं. भाजलेलं सोयाबीन चालत नाही. झाकणाखाली हळदीत बुडवून ओली ठेवलेली कागदाची पट्टी लटकवायची आणि बरणी उन्हात ठेवायची. तासाभरात झाकण उघडल्यावर अमोनियाचा वास आला, पट्टी लालसर झाली तर युरिया आहे. शेजारी खात्रीच्या पेंडीची दुसरी बरणी ठेवावी, म्हणजे तुलना होते. प्रयोगशाळेत द्यायचीच असेल तर नुसतं "प्रोटीन" म्हणू नका, युरियाची तपासणी वेगळी मागा आणि पोतं फोडून तळाचा नमुना द्या.

त्या पोराचा फोन बंद. तक्रारीला गेलो तर पावती मागितली. चिठ्ठी होती, कन्नडमधली. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. शेजारच्या कन्नड शाळेतल्या पोरीकडून वाचून घेतली, तर तिच्यावर एवढंच, "हिंडी, 6 चीला." हिंडी म्हणजे पेंड, चीला म्हणजे पोतं. कसली पेंड, कोणाची, दर काय, काहीच नाही. शेंगा हा शब्द त्यानं तोंडात ठेवला होता, कागदावर उतरवलाच नव्हता. सीमेवर राहणाऱ्यांनी निदान एवढं करा, पावतीवर पेंडीचं नाव आणि दर आपल्याला वाचता येईल अशा लिपीत लिहून घ्या.

उरलेल्या चार पोत्यांपैकी एक तक्रारीसाठी बांधून ठेवलंय. तीन उसाला टाकली. ऊस तिथं आजही शेजारच्या सरीपेक्षा हिरवागार आहे, आणि येणारा-जाणारा मला विचारतो, खत कुठलं घातलंस?